आरसा जरा मागे

—नाही नाही, चूक तुमची नाही मिस्त्री, आरसा तुम्ही बरोबर धरलाय. मी इथं खुर्चीत बसायचं, तुम्ही भिंतीला लावून आरसा सरकवायचा, आणि त्यात मला स्पीकर दिसला की तिथं खूण करायची — तिथूनच आवाज भिंतीवर आपटून माझ्या कानात येतो, म्हणून आवाज शोषणारं पॅनलही तिथंच. समजतं हो मला, जन्म गेला रेकॉर्डिंगमध्ये. दिसतोय स्पीकर, अगदी मधोमध दिसतोय. मी मुद्दामच बोललो नाही. म्हणजे — दार लावलंय ना? बघा जरा. लावलंय? मग ठीक. काल तुम्ही त्याला रबराची पट्टी बसवलीत, तेव्हापासून आतलं बाहेर जात नाही, तेवढं एक बरं झालं.

तर माझं म्हणणं असं, की हे पॅनल इथं लावू नका. हातभर मागे लावा. असं बघू नका हो. तिथं लावून काही उपयोग नाही, माहीत आहे मला — उपयोग नको आहे म्हणूनच तर! मगाशी तुम्ही माइक लावून मोजलंत आणि म्हणालात, कोपऱ्यांतला घुमारा गेला, आता ही दोन पॅनलं बसली की खोली बिनचूक. तुम्ही कौतुकानं म्हणालात, पण खोली बिनचूक झाली तर मी दोष कुणाला द्यायचा?

हसताय? हसा. बायकोला घाबरतो म्हातारा, असं वाटलं असेल. घाबरतोच. पण तिच्या रागाला नाही. आमची ही गायची — गाते, गाते! बघा, जीभ कशी घसरते. तिच्या विद्यार्थिनी तिला बाई म्हणतात. तर गळ्यातली गाठ काढल्यापासून बाईंचा वरचा स्वर टिकत नाही. लागतो, थरथरतो आणि खाली बसतो. पहिलं रेकॉर्डिंग इथंच बसून ऐकलं, तेव्हा तिनंच विचारलं, हे असं का येतंय हो? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता एवढंच राहील. मला! तिला नाही, मी सांगेन म्हणून. आणि मी काय सांगितलं? म्हणालो, खोली. ऐकायची खोलीच लहान, चारी बाजूंनी आवाज आपटतो, मग गाणं धड ऐकू येणार कसं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तर आमच्या घरी नाचणारीनं कधी तक्रार केली नाही, अंगणाला नावं मी ठेवली.

आणि तिनं विश्वास ठेवला, मिस्त्री! हेच तर. भांडली असती, रडली असती तर परवडलं असतं. तिनं तुम्हाला शोधून काढलं. खोली नीट करून घेऊ म्हणाली. कोपऱ्यांत तुम्ही ते घुमारा गिळणारे जाड खांब उभे केलेत ना, त्यांचं कापड तिनं निवडलं, शिवलंही तिनंच. शिवताना गुणगुणायची, आणि मी काहीतरी काम काढून बाहेर जाऊन उभा राहायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — जाऊ द्या. पाणी घेता? नको? — आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. मध्यंतरी एक गाणं केलं आम्ही. शेवटच्या ओळीत स्वर बसला तिचा. मग मी तिच्या धाकट्या शिष्येला गुपचूप बोलावलं. आवाज बाईंसारखाच, बाईंनीच घडवलेला. तेवढी ओळ तिच्याकडून गाऊन घेतली आणि बाईंच्या आवाजाखाली लावून दिली. बेमालूम! त्यात हात बसलाय माझा. ती मुलगी जाताना माझ्याकडे बघेना. आणि ही — हिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, आला हो परत! खोली सुधारली तशी आला बघा! माझे हात धरून रडली. जमीन दुभंगावी असं वाटलं मला, आणि मी काय केलं? तिला रुमाल दिला.

अहो मिस्त्री, इकडं बघा ना, तिकडं काय बघताय? मुद्द्याचं तर पुढंच आहे. रविवारी तिनं गाणं ठेवलंय. सभागृहात, जुन्या ऐकणाऱ्यांना बोलावून. तिथं मी काय लावून देणार कशाखाली? ती त्या ओळीपाशी येणार, एवढ्या लोकांसमोर, आणि — मूठ झाकली मी, उघडी पडणार ती. म्हणून म्हणतो, तुम्ही सांगा. खोली अजून बिघडलेली आहे, इथल्या रेकॉर्डिंगचा भरवसा नाही, गाणं पुढं ढकला. तुमचं ऐकेल ती. काय? खरं सांगावं? सांगावं हो! पण कुठल्या तोंडानं? जेवताना सांगू म्हणतो, जेवण होतं. आता सांगू म्हणतो आणि ती माझ्याकडे बघून हसते.

सरकवा ना आरसा. माझ्यासाठी. हां. गेला स्पीकर. अजून मागे. आता नुसती भिंत. अजून — कपाट आलं. अजून थोडा, आता दार दिसतंय, बस, तिथंच —

हे उघडं कसं?

बिजागऱ्यांना तेल घातलंत तुम्ही काल. कुरकुरत होतं तेच बरं होतं.

अगं… कधीपासून उभी आहेस? बस ना. नाही, त्यांना नको विचारूस, त्यांचा काही संबंध नाही. मीच. सगळं मीच.

काय? ते गाणं? आत्ता? — लावतो. तुझ्या एकटीचा आवाज? त्या मुलीचा बंद करून? शेवटची ओळही?

बरं.

मिस्त्री, आरसा खाली ठेवा. पॅनलं राहू द्या, नंतर बसवा, जिथं बसायला हवीत तिथं बसवा. तुम्ही निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या — घट्ट, पट्टी बसेपर्यंत.