तिसरा हात

(पोर्ट सैद. कालव्याजवळच्या वस्तीचं सभागृह, मंगळवारची दुपार. एक शिडी, रांगेत मांडलेल्या खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेली सिमसिमिया, म्हणजे पाच तारांचं लाकडी वाद्य.)

इन्साफ : आणि हे तुम्ही आता सांगताय? आधी शिडी धरा, मग नकार द्या.

हसनैन : धरली. इन्साफबाई, मी फार काही मागत नाही. त्या जाहिरातीवरून माझं नाव तेवढं काढा.

इन्साफ : कुठून कुठून काढू? फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर लागलंय, रोट्यांच्या भट्टीवर लागलंय. मासळीबाजारात तर आमच्या जावयाने तराजूलाच चिकटवलंय. ‘गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता. कैरोचा जॅझ, हसनैन यांची सिमसिमिया, मुलांची चित्रं.’ तुम्हाला वगळलं तर आपल्या गावाचं काय उरलं त्यात?

हसनैन : मुलांची चित्रं उरली की.

इन्साफ : कारण सांगा.

हसनैन : घसा बसलाय.

इन्साफ : तुम्ही वाजवता. गातात ते लोक. पुढचं कारण?

हसनैन : रक्तदाब.

इन्साफ : पस्तीस वर्षं शाळा चालवली मी, काका. गृहपाठ चुकवायला पोरं निदान आजीला तरी मारायची. तुमचं तर त्याहून लेचंपेचं.

हसनैन : दमलोय हो. हे खरं कारण आहे.

इन्साफ : मी नाही दमले? अकरा वर्षं हे सभागृह मीच झाडते. या ऐंशी खुर्च्या लग्नाच्या मंडपवाल्याकडून मागून आणल्यात, सकाळपासून एकटीने रांगा लावल्यात. गुडघे बघा माझे. दमायची सुट्टी असती तर पहिला अर्ज माझा असता. तो हातोडा द्या वर.

हसनैन : घ्या.

इन्साफ : आणि त्या कैरोच्या सॅक्सोफोनवाल्याला मी काय सांगू? तुम्ही फोनवर वाजवून पाठवलंत ना, त्यावर तो खुळा झालाय. त्याचा निरोप आलाय. म्हणतो, “उस्ताद मधेच सगळ्या तारा मोकळ्या सोडून देतात, तो जो झणत्कार होतो, ते धाडस आम्हाला वीस वर्षांत जमलं नाही. गुरुवारी आम्हाला तेच हवं.”

हसनैन : धाडस म्हणाला?

इन्साफ : दोनदा म्हणाला.

हसनैन : त्याचे कान तपासायला सांगा.

बुदूर : सलाम, बाई. सलाम, काका. कस्टमच्या कचेरीतून थेट आलेय, जेवलेले नाही, तेव्हा कोणी रागावू नका. ही घ्या चित्रं. एकोणीस आहेत.

इन्साफ : वर्गात एकवीस मुलं आहेत ना?

बुदूर : विषय दिला होता ‘आपले मास्तर’. दोघांनी जहाजं काढली. ती वेगळी ठेवलीत.

इन्साफ : दे इकडे. अगंबाई, मिशा किती छान काढल्यात! काका, बघा तुमच्या मिशा. पण हे काय? याला तीन हात आहेत.

बुदूर : पुढचं बघा.

इन्साफ : यालाही तीन. यालाही. बुदूर, तू या पोरांना काय शिकवतेस ग शनिवारी? माणसाला किती हात असतात हे तरी सांग.

बुदूर : मलाही आधी वाटलं, एकाने काढलं आणि बाकीच्यांनी नक्कल केली. म्हणून विचारलं. ती छोटी मलक म्हणाली, “मास्तर वाजवतात तेव्हा आमच्यातला एक जण मागून हात घालतो. रोज एकाची पाळी असते.”

इन्साफ : काका?

हसनैन : ती शिकवायची पद्धत आहे.

इन्साफ : कधीपासूनची?

हसनैन : हिवाळ्यापासूनची.

इन्साफ : मी खाली उतरतेय. शिडी नीट धरा. दोन्ही हातांनी धरा, काका.

हसनैन : धरलीय.

इन्साफ : डावा हात नुसता टेकलाय तुमचा. दाखवा. मूठ मिटा.

हसनैन : दोन बोटं मिटत नाहीत. झालं समाधान?

इन्साफ : डॉक्टरला दाखवलंत?

हसनैन : दाखवलं. वय झालं म्हणाला. एक रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाला. तो नातवाने पळवला.

बुदूर : मला फोनवरचं ऐकूनच कळलं होतं.

हसनैन : तुला कळणारच. इन्साफबाई, तुम्ही कधी हे वाद्य हातात घेतलं नाहीत, म्हणून सांगतो. उजवा हात पाचही तारा एकदम छेडतो, त्यात काही कसब नाही, गाढवाच्या शेपटीलाही जमेल. कसब डाव्या हातात. जी तार नको तिच्यावर मागून बोट ठेवून तिला गप्प करायची. मुलांना मी सांगतो, वर्गासारखं आहे बाळांनो, एकाने बोलायचं, चौघांनी ऐकायचं. आता माझ्या वर्गात पाचही जणं एकदम ओरडतात, मास्तरचं कोणी ऐकत नाही. आणि तो कैरोचा भला माणूस म्हणतो, वा, काय धाडस!

इन्साफ : मग एवढं लपवायचं काय त्यात? गुरुवारी मलकला शेजारी बसवा. पोरं करतातच आहेत ना वर्गात?

हसनैन : नाही.

इन्साफ : लोकांना गोड वाटेल.

हसनैन : आठ वर्षांची आहे ती. ऐंशी माणसांसमोर तिचं एक बोट घसरलं, तर जन्मभर तिच्या मनात राहील की मास्तरांची फजिती आपल्यामुळे झाली. वर्गात चुकली तर आम्ही दोघं हसतो. माझी लाज झाकायला मूल पुढे करायचं नाही मला.

इन्साफ : मग बुदूर आहे. मोठी आहे, तुमच्याच हाताखाली शिकली. बुदूर, ए, इकडे ये.

बुदूर : मी खिळे ठोकतेय, बाई.

इन्साफ : खिळे पळून जात नाहीत. तुम्हा दोघांचं काय आहे ते एकदा कळू दे. वर्षानुवर्षं बघतेय, ती येते, चित्रं शिकवते, तुम्हाला सलाम करते, चहा देते. पण वाद्याला हात लावत नाही.

बुदूर : काही नाही, बाई. बारा वर्षं झाली त्याला.

हसनैन : सांग त्यांना. मला सांगवणार नाही.

बुदूर : वसंताचा सण होता. समुद्रावर आपलं गाण्याचं मंडळ गोल करून बसलं होतं, सगळा गाव होता, खारवलेल्या मासळीचा तो वास. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. वाजवणारा दमला की उजवीकडे बसलेल्याच्या मांडीवर वाद्य ठेवतो. बोलत नाही, विचारत नाही. टाळ्या चालूच राहतात, गाणं तुटत नाही. त्या दिवशी काका दमले. उजवीकडे मी होते.

इन्साफ : मग?

बुदूर : वाद्य माझ्या डोक्यावरून गेलं. पलीकडच्या शाबानकडे.

हसनैन : शाबानला अर्धं गाणं येत नव्हतं.

बुदूर : तरी त्याने सगळं वाजवलं. मी टाळ्या वाजवल्या. मग घरी आले आणि ब्रश धरला.

हसनैन : तू एकोणीस वर्षांची होतीस. मुलीच्या मांडीवर सिमसिमिया, बाजारातली सगळी तोंडं तिथे बसलेली. मला वाटलं, उद्या तुझ्याबद्दल लोक काय बोलतील.

बुदूर : माझ्याबद्दल?

हसनैन : ...नाही. माझ्याबद्दल.

इन्साफ : काका, काका.

हसनैन : मला कोणी विचारलं होतं का हो? लढाईत गाव रिकामं केलं तेव्हा मी अकरा वर्षांचा. परक्या खेड्यात, शाळेच्या एका खोलीत चार कुटुंबं आम्ही. सायकलच्या ब्रेकची तार उकलून वाद्याला लावलेली. एका म्हाताऱ्या कोळ्याने ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, येत नाही मला. तो म्हणाला, टाळ्या थांबायच्या आत येईल.

बुदूर : मला तर येत होतं, काका.

हसनैन : हो. तुला येत होतं.

इन्साफ : बरं. झालं ते झालं. आता गुरुवारचं बोला. बुदूर मागे बसेल, हात पुढे घालेल, दिवे जरा मंद ठेवू, कोणाला कळणारही...

बुदूर : नाही, बाई. तिसरा हात मी होणार नाही. तो पोरांच्या चित्रात शोभतो.

इन्साफ : अगं, म्हातारा माणूस आहे.

हसनैन : बाई, तिला दटावू नका. बरोबर बोलतेय ती. बुदूर, खिळा वाकडा जातोय, थोडा डावीकडून मार.

बुदूर : दिसतंय मला.

हसनैन : इन्साफबाई, नाव राहू दे जाहिरातीवर.

इन्साफ : वाजवणार तुम्ही?

हसनैन : पहिलं कडवं वाजवीन. खणखणेल. कळू दे लोकांना, आज ना उद्या कळणारच आहे. त्या सॅक्सोफोनवाल्याला हवं ते धाडसही मिळेल. पण या रांगा मोडाव्या लागतील.

इन्साफ : कसल्या रांगा?

हसनैन : खुर्च्यांच्या. रांगेत मंडळ बसत नाही. गोल मांडा. कैरोची मंडळीही त्यातच बसू देत.

इन्साफ : ऐंशी खुर्च्या! सकाळपासून लावतेय मी त्या! तुम्ही घसा बसला म्हणत होतात तेच बरं होतं.

हसनैन : मी लावू लागतो. उजवा हात चांगला आहे.

बुदूर : आणि पहिल्या कडव्यानंतर?

हसनैन : पहिल्या कडव्यानंतर मी दमेन, पोरी. खरंच दमतो आता. तू माझ्या उजव्या हाताला बस.

बुदूर : तेव्हाही तिथेच बसले होते, काका.