कानात सांगायचं नाव

तुम्ही लोक नावाचा अर्थ कधी विचारतच नाही, आधी त्याचा धर्म विचारता.

परवा उंब्रजला माझ्या भाचीचं बारसं होतं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा. वहिनीनं आणि मी ‘नूर’ ठरवलं होतं. अरबी शब्द, अर्थ प्रकाश. मी बाळाच्या कानाशी वाकले, तेवढ्यात नावाची कुणकुण लागलेले चुलते मध्ये आले.

“त्यांच्यातलं नाव आपल्या घरात चालायचं न्हाई.”

“काका, त्याचा अर्थ उजेड आहे.”

“मग मराठीत पाड की उजेड. न्हाईतर माझी पोरगी ठेवंल नाव.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाळण्याची दोरी धरून बसलेली शेजारची हौसाआक्का शांतपणे त्यांना म्हणाली, “अरं, तुझा बाप पिराच्या नवसानं झाला, म्हणून त्याचं नाव पिराजी. आता बापबी बदलतूस व्हय?”