एक टोक तुमच्या कानात

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक आजोबा-आजी. आजोबा म्हणाले,

"पोरगा संध्याकाळी विचारणार, माझा रॉक अल्बम कसा वाटला? काय सांगू?"

"गळा गोड आहे म्हणावं."

"गळा? अर्धा तास चाललेल्या गाण्यात मला नुसती गिटार ऐकू आली. म्हणून तर इथं आलोय!"

"गिटार? अहो, मला तर गिटार कुठेच ऐकू आली नाही."

"अगं, गाणं एकच ऐकलं ना आपण?"

"एकच, आणि एकाच इअरफोनच्या वायरीतून. एक टोक तुमच्या कानात, एक माझ्या."

"म्हणजे तुझाही कान गेला."

"अगंबाई! माझाही नंबर लावा."

"लावतो. तोवर पुन्हा ऐकू. दे माझं टोक."

"घ्या. डावं तुमचं, उजवं माझं. या खेपेला दोघंही नीट ऐकू."