शॉकअपचं तेल

स्कूटीचा ब्रेक दुरुस्त होईपर्यंत शाळेच्या बाई गॅरेजच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. समोर लाल स्पोर्ट्स कार वर उचलून ठेवलेली, तिच्याखाली मिस्त्री, शेजारी गाडीचे मालक आणि त्यांची बायको. बाईंचे डोळे वहीत होते, कान मात्र कधीच गाडीखाली जाऊन बसले होते.

“साहेब, मागचे दोन्ही शॉकअप गळतायत. तेलाने नुसते माखलेत.”

“अरे, वर्षसुद्धा झालं नाही! बाहेरून मागवलेत, रेसिंगचे आहेत.”

“पण तुम्ही रोज खड्ड्यांतून ऑफिसला जाता ना. सील फाटलं. महिनाभर गाडी होडीसारखी डुलत असेल. एखाद्या वळणावर हातात राहिली नसती.”

“अहो, म्हणजे ते बिघडलं होतं?”

“मग तुला काय वाटलं?”

“दणके बसायचे थांबले, तेव्हा वाटलं, माझ्या कमरेसाठी तुम्ही काहीतरी करून घेतलंत. तुमच्या आईंनाही मोठ्या कौतुकानं सांगून बसले.”

बाईंचं लाल पेन वहीवर थांबलं.

“मिस्त्री... मऊ कोणते येतात?”

“कंपनीचे. तुम्ही हट्टानं काढायला लावलेत, तेच.”