सीट पुढे घ्या, अक्का

उतरू नका हो नासीरभाई, बसा — दार लावून घ्या आधी, मागून डंपर येतोय — चुकलं माझं, मान्य आहे, पण असं पुलाच्या पायथ्याशी मला सोडून तुम्ही पायी निघालात तर ही गाडी इथून कोण नेईल? मी? माझ्या हातून तर आत्ता चढावर बंद पडली, मागे सरकली, आणि मागे ती शाळेच्या पोरांची रिक्षा — आरशात नाही दिसली मला, पोरं ओरडली तेव्हा कळलं. तुम्ही हॅन्डब्रेक ओढला म्हणून, नाहीतर आज — नको, तोंडातून काढत नाही. वाजवू द्या त्यांना हॉर्न, बाजूने जागा आहे, जातील. जा रे बापा, जा, डोळे काय वटारतो, तू काय आईच्या पोटातून शिकून आला का गाडी! — हं, काय सांगत होते मी?

आजपासून शिकवणं बंद म्हणालात. असं नका करू. सोमवारी माझी लायसनची परीक्षा, आणि पुढच्या आठवड्यात आखाजी. तुम्ही जळगावचेच, तुम्हाला काय सांगायचं — आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी सांजोऱ्या होतात, आणि लेक काही आपली आपण पिशवी उचलून येत नाही, माहेरचा मुऱ्हाळी जाऊन तिला आणतो. आमची भाविका साक्रीला दिली. लांब पडतं, पण तिचा भाऊ, माझा नीलेश, दर आखाजीला हीच गाडी घेऊन जायचा. गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवायचा, की ही पोरगी पिठाच्या हातांनी धावत बाहेर. तिची सासू म्हणायची, "हॉर्न वाजना का सून मनी ऱ्हास नही!" सून तिची राहतच नाही म्हणून हसायची माउली. चांगली आहे ती, तिचं काही नाही.

यंदा भाविका फोनवर म्हणाली, आई, मी नाही येत, घ्यायला कोण येईल? मी म्हटलं, दादाची गाडी येईल. ती म्हणाली, चालवेल कोण? — ठेवून दिला मी फोन. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं ना? आता गाडी न्यायलाच पाहिजे. आणि यंदा नीलेशच्या नावाची पहिली घागर भरायची आहे आखाजीला. पितरांची घागर पोराच्या नावाने भरायची, वर आंबा ठेवायचा, आणि त्याची बहीण घरात नाही? मी एकटीने कशी भरू? आमचे हे तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतात. गाडीचं नाव काढलं की म्हणतात, देऊन टाक कोणालाही, पण मला दाखवू नको.

पुतणे आहेत हो, नाहीत असं नाही. काकू, आम्ही जातो म्हणाले. पण त्यांना त्यांच्या बहिणी आहेत आणायला, त्यांना कशाला — आणि आई कधी मुऱ्हाळी होते का, लोक हसतील, हे काय मला कळत नाही? हसू दे. साक्रीच्या त्या गल्लीत हॉर्न वाजला पाहिजे बस्, मग तो कोणी का वाजवेना.

काय? सीट? झालं, आलं तुमचं ते. पहिल्या दिवसापासून एकच — सीट पुढे घ्या, अक्का, सीट पुढे घ्या, क्लच अर्धाच दबतोय. सांगितलं ना, खालचा खटका जाम आहे, गंजलाय. उशी घेते ना मी पाठीशी? दबते थोडी, दबली की मी मागे जाते, मागे गेले की पाय पुरत नाही, पाय पुरला नाही की गिअर खरखरतो, कळतं मला ते, उद्या दोन उशा आणते, तुम्ही फक्त — अहो, काय करताय? हात काढा! खाली कुठे हात घालताय, काढा तिथून, लावू नका त्याला हात!

— ओरडले मी. माफ करा. तुम्ही भावासारखे, तुमच्यावर ओरडले.

जाम नाही तो. खोटं सांगितलं तुम्हाला. चांगला आहे खटका, त्याने ठेवली तशी आहे सीट. त्याचे पाय लांब होते. बसला की गुडघे स्टेअरिंगला लागायचे, म्हणून पार मागे घ्यायचा. त्याच्यानंतर हिच्यावर मी कोणाला बसू दिलं नाही. दवाखान्यातून इथे जळगावातल्या माझ्या बहिणीच्या अंगणापर्यंत चार जणांनी ढकलत आणली ही गाडी, दारातून हात घालून स्टेअरिंग धरलं, मीच सांगितलं, आत कोणी बसायचं नाही. रडता रडता माणसं माझ्याकडे बघायला लागली, हिला काय झालं म्हणून. पुतण्यांनाही त्यासाठीच नाही म्हटलं — बुटके आहेत बठ्ठे, सगळेच्या सगळे. बसले की पहिला हात खटक्यालाच घातला असता. आणि खरं सांगू? बहिणीच्या कॉलनीत ती पूनम शिकवते, बायका तिच्याकडेच जातात. मी तुमच्याकडे का आले? तुम्ही उंच आहात. पहिल्या दिवशी तुम्ही बसून गाडी चालू करून बघितली, सीट जिथल्या तिथे. तेव्हाच ठरवलं, शिकायचं तर याच माणसाकडे. हसा, हसा. मलाही हसू येतं कधी कधी.

बोलणं? ते पण सांगता रोज. अक्का, गाडी चालवताना बोलू नका, लक्ष जातं. काय करू, या गाडीत बसले की बोलल्याशिवाय राहवत नाही मला. त्यानेच लावलं. त्या दिवशी केळीच्या वाफ्यातून आला, छातीवर हात. म्हणाला, आई, गॅस झालाय बहुतेक, चल, जळगावला दाखवून येऊ. हे तालुक्याला गेलेले. शेजारी कोणी नाही, वाट बघायला वेळ नाही. त्यानेच काढली गाडी. मी इथे, तुम्ही बसलात तिथे. तापीचा पूल ओलांडला आणि त्याच्या कपाळावर घाम सुटला, पदराने पुसत होते मी. आणि या पुलाशी येऊन बघतो तर गाड्यांची ही रांग — केळीचा ट्रक आडवा झालेला, रिक्षा घुसलेल्या, कोणी हलेना. पहिला टाकायचा, हातभर पुढे, थांबायचं, पुन्हा पहिला. दर वेळी क्लच दाबताना तो दात आवळायचा. त्याचा डावा पाय थरथरत होता, मी बघत होते. दोन पाय मलाही होते ना, नासीरभाई. धडधाकट पाय. पण त्या पायांना हे येत नव्हतं. मी काय करू रे, म्हटलं. तर म्हणाला, तू बोलत राहा आई. काहीही बोल, थांबू नको, म्हणजे मला झोप नाही येणार.

मग बोलले. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी सोयरीक आली, भाविका आखाजीला आली की तिला कोणतं लुगडं — नाही, साडी म्हणायचं, तो चिडवायचा लुगडं म्हटलं की. काय काय बोलले, मलाच ठाऊक नाही. दवाखान्याच्या दारात त्याने गाडी एका बाजूला नीट लावली, कोणाला अडचण नको. किल्ली माझ्या हातात दिली. आणि मी बोलायची थांबले. पोचलो ना, म्हणून थांबले. तो पायरीपर्यंत गेला, आणि —

तुम्ही काच का खाली करताय? उकडतंय. हो, उकडतंयच.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, हॉर्नमध्ये ऐकू येत नाही. — भाविका कुठे बसेल? कुठे म्हणजे? इथेच, तुमच्या जागेवर. पुढेच बसते ती नेहमी, दादाच्या शेजारी. मागे कशाला बसेल.

हं.

धुळ्याच्या चौकात अशीच गर्दी असते. मग तो चढ. मागे ट्रक असतात. आणि ती इथे बसलेली.

असे बघता काय माझ्याकडे? बोला की. म्हणा काहीतरी, अक्का असं, अक्का तसं. — नाही, समजलं मला. समजलं म्हणते ना. एकच लेक राहिली मला, नासीरभाई, तेवढं समजतं.

थांबा, तुम्ही नका वाकू. माझं मी करते. कुठे आहे तो — हा. उशी धरा ही. पायाने जोर लावायचा ना आधी? —

सरकली. किती हलकी सरकली बघा. मला वाटलं होतं, जोर लागेल.

पाय पुरतो. पार खालपर्यंत जातो क्लच. — रडत नाही, घाम आहे तो, उकडतंय म्हटलं ना. आरसाही घेऊ का खाली? घेते. आता दिसतो मागचा रस्ता. मला इतके दिवस नुसतं छत दिसायचं यात, तुम्हाला सांगितलं नाही.

ती रिक्षा जाऊ द्या पुढे. पहिला टाकला. हॅन्डब्रेकवरचा हात काढा तुमचा, मी धरते. आणि आता मला काही विचारू नका. गाडी चालू आहे. आता मी बोलत नाही.