संप मोडणारा

नाटकाने काय होतं, असं विचारता ना? मग ऐका. आमच्या मुलुंडच्या ग्रुपने गिरणी संपावर एकांकिका बसवली. मला संप फोडून कामावर जाणाऱ्याचा रोल. पहिल्या प्रयोगात मी मिशीला पीळ देत, हसत हसत गेटातून आत शिरलो. पब्लिकने जाम शिव्या घातल्या. मी खूश!

बाबांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते गिरणीतच होते, पण संपाबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. घरी येताना विचारलं, "कसं झालं?"

"झकास," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण असं हसत कोणी नाय गेला रे."

"तुम्ही कुणाला जाताना बघितलंत?"

"मीच गेलेलो. तू आठ दिवसांचा होतास. घरात पेजेला तांदूळ नाय. तोंडाला रुमाल बांधून गेलो, तरी सगळ्यांनी ओळखलं. गद्दार म्हणाले."



पुढच्या प्रयोगात मी तोंडाला रुमाल बांधला आणि मान खाली घालून गेटाकडे निघालो. शिवी नाही, शिट्टी नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "जा रे बाबा, जा. घरी पोरं आहेत."

त्या दिवशी बाबा आले नव्हते. घरी जाऊन त्यांना हे सांगितलं.  ते म्हणाले, "काय म्हणाला? परत एकदा सांग."