बिजागरीचं तेल

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती आणि तिच्यापुढे तिच्याच गल्लीतले काका.

"काका, तुम्हीपण तेल घ्यायला?"

"हो गं. फाटक इतकं करकरतंय की कुत्रं दचकून उठतं. इतकी वर्षं कधी आवाज नव्हता."

"आजोबा गेल्यापासून सगळ्यांचीच फाटकं करकरायला लागलीत. तेच घालायचे ना तेल."

"आमच्याही फाटकाला? कधी?"

"रविवारी, चर्चमधून मिस्सा आटोपून येताना. कोटाच्या खिशात तेलाची बुधली असायची."

"आणि मी इतकी वर्षं फाटक बनवणाऱ्याचं कौतुक करत फिरलो."

"आजी चिडायची. म्हणायची, आठवडाभर सुतारकाम करता, रविवारी तरी हातांना सुट्टी द्या. तर म्हणायचे, शेजाऱ्यावर प्रेम करा असं फादर सांगतात, मग काय एकेकाच्या गळ्यात पडू?"

"असंच बोलायचा तो. बरं, मी मोठी बाटली घेतो. रविवारी गल्लीचं बघतो."

"दोघं मिळून करू. तुमची बाजू तुम्ही, आमची मी."

"मग तुमच्या फाटकापासून सुरुवात. ते तर पहिल्यापासून बोंबलतंय."

"त्याला नको, काका. आजोबाही हात लावायचे नाहीत. आजीनं बजावलं होतं, फाटक वाजलं की मला कळतं तुम्ही आलात, मी चहा टाकते."

"आणि आता गं?"

"आताही वाजलं की ती टाकते. कोण आलंय ते मागाहून बघते."